जिथे सिकंदर पोचलाच नव्हता

परत येऊन महिना होत आला तरी माझा राग उतरलेला नाही. प्रवासाबद्दल लिहिताना माणसाने प्रसन्न असावं, सूर्योदय वगैरे टिपावेत, असा संकेत आहे. सूर्योदय मीही पाहिले, चांगले होते. पण मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका, माहेर-सासर दोन्ही गुहागरकडचं, आणि आमच्याकडे राग आला की आधी तो बोलून टाकतात आणि मग चहाचं आधण ठेवतात. तेव्हा चहा नंतर.

हिंगोली जिल्ह्यात मी गेले ती विहीण म्हणून. माझ्या सुनेचं, वैशालीचं माहेर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पुढे एका लहानशा गावात आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी तिकडे फिरकले नव्हते. दरवर्षी व्याह्यांचा फोन यायचा आणि दरवर्षी मी गुडघ्यांचं कारण सांगायची. यंदा गुडघे बरे होते आणि कारणं सांगायचा कंटाळा आला होता. त्या गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. जिच्याबद्दल लिहिते आहे तिला तिथेच राहायचं आहे.

हिंगोली

मे महिन्यात मराठवाड्यात जाऊ नका असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण हापूस मेमध्येच तयार होतो आणि व्याह्यांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून आंब्याची पेटी घेऊन निघाले. परभणी सोडेपर्यंत त्या पेटीतल्या आंब्यांनी पिकण्याची घाई केली आणि रस शेजारच्या बाईच्या पदरावर ठिबकायला लागला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तिने पदराचं टोक चाटून पाहिलं, "गोड हाय" म्हणाली आणि पेटी मांडीवर घेतली. उतरेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून खालचा थर संपवला.

हिंगोलीत उतरल्यावर पहिला नाकात शिरतो तो हळदीचा वास. बाजाराच्या बाजूने वारा आला की डोळेसुद्धा पिवळे होतील असं वाटतं. कयाधू नदीवरचा पूल ओलांडला तेव्हा मी खाली वाकून पाणी शोधलं. आमच्याकडे नदी म्हणजे पाणी, त्यात काही विचार करावा लागत नाही. इथे नदी म्हणजे वाळू, आणि त्या वाळूत क्रिकेट चाललेलं होतं.

व्याही दत्तराव घ्यायला आले होते. पांढरी टोपी, हळू बोलणं, आणि प्रत्येक वाक्याआधी आजूबाजूला कोण आहे ते पाहण्याची सवय. आम्ही ज्या रिक्षात बसलो तिच्या पाठीवर सोनेरी अक्षरात 'सिकंदर' लिहिलेलं आणि खाली तलवार. बसस्थानकाकडे जाईपर्यंत मला अजून एक सिकंदर दिसला, केस कापण्याचं दुकान. मी रिक्षावाल्याला विचारलं, हा सिकंदर कोण रे? त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की सिकंदर म्हणजे नंबर एक. मी म्हटलं, आणि पोरस? त्याने कोणत्या गावचा असं विचारलं.

मी आतून धुसफुसायला लागले. उभं आयुष्य मी वर्गात सिकंदर शिकवला. पुस्तकात त्याला जगज्जेता म्हणायचं, नकाशावर त्याचा बाण काढायचा, मुलांनी त्या बाणाला लाल रंग द्यायचा. मी मात्र दरवर्षी वेळात वेळ काढून सांगत आले की त्याने थीब्ज नावाचं शहर जमीनदोस्त केलं आणि जिवंत उरलेली माणसं विकली, पर्सेपोलिसचा राजवाडा जाळला. इराणातल्या जुन्या पारशी परंपरेत त्याच्या नावाला 'शापित' हे विशेषण चिकटलं ते कायमचं. म्हणजे ज्यांच्या घरांपर्यंत तो पोचला त्यांच्या तोंडी त्याच्यासाठी शिवी, आणि हिंगोलीपर्यंत तो कधी आलाच नाही म्हणून इथे त्याच्या नावाने दाढ्या होतात.

साखऱ्याच्या पुढे

गाव चढावर आहे. घरं थोडी, बाभळी पुष्कळ. विहीणबाई, गयाबाई, दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तो माझ्यावरून ओवाळून त्यांनी बाजूला टाकला आणि माझ्या हातातली पेटी पाहून म्हणाल्या, "ईनबाई, तुमी आलात हेच लई झालं." पेटी अर्धी रिकामी आहे हे त्यांना उघडल्यावरच कळलं. मी खरं ते सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की दत्तरावांनी बाहेर जाऊन पाहिलं, कोणी ऐकतंय का.

गयाबाईंच्या हातच्या येसराच्या आमटीबद्दल दोन ओळी लिहिल्या नाहीत तर पाप लागेल. डाळी-धान्यं आणि मसाला भाजून दळलेलं पीठ, त्याची पातळ आमटी, वर कच्चं तेल आणि ज्वारीची भाकरी कुस्करून. मी आमच्या सवयीने भात शोधला. भात होता, माझ्यासाठी मुद्दाम केलेला, पण त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमाच म्हणा. पहिल्या दिवशी मी ठेचा चटणीसारखा घेतला आणि दुपारपर्यंत माझ्याशी कोणी इतिहासावर बोलू शकलं नाही.

घरात त्यांची नात होती, छकुली, तीन वर्षांची. तिचे आईबाप नांदेडला कामाला असतात, ती आजीकडे वाढते. पहिल्याच दुपारी ती झोपेना. गयाबाई तिला थोपटत होत्या, थोपटता थोपटता दटावलं, "गुमान निज. न्हाई तर सिकंदर येईल."

पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले. मी उठूनच बसले.

आमच्याकडे मुलांना बागुलबुवा दाखवतात, फार तर गोणपाटवाला. मी म्हटलं, गयाबाई, निदान तुमच्या गावाने तरी त्याला नीट ओळखलं. त्या गोंधळल्या. मग उलगडा झाला तो असा की त्यांचा सिकंदर मॅसिडोनियाचा नव्हे, गावातलीच कौसाबाई. मेंढरं राखणारी. कित्येक वर्षांपूर्वी तिची मेंढरं कोणाच्या हरभऱ्यात शिरली, तेव्हा शेताचा मालक बांधावरून ओरडला होता की आली सिकंदराची फौज. तेव्हापासून ती गावाचा सिकंदर. नवरा गेल्यावर तिने कळप विकला नाही, स्वतः काठी घेऊन पुढे चालायला लागली, तेव्हा तर नाव पक्कंच झालं. आता तिला तोंडावरही तसंच म्हणतात. आणि पोरं तिला भितात.

मी विचारलं की नुकसान किती झालं होतं. गयाबाई म्हणाल्या, दोन वाफे. त्याची भरपाई तिने त्याच सुगीत करून दिली होती.

गायरान

दुसऱ्या दिवशी दत्तराव मला गावाबाहेरचं गायरान दाखवायला घेऊन गेले. गायरान म्हणजे गावाची गुरं चरायची सामाईक जमीन, हे कोकणातल्या वाचकांसाठी सांगते, कारण आमच्याकडे सामाईक म्हणजे भांडण. चढावरची मुरमाड जमीन, पळसाची झुडपं, मध्ये एक कडुलिंब. रस्त्याच्या कडेला सिमेंटचा हौद, त्यात बोअरचं पाणी. हौद आणि बोअर दोन्ही भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार. हौदावर त्यांचं नाव घातलेलं होतं, अक्षरं हौदापेक्षा मोठी.

कौसाबाई लिंबाखाली बसली होती. मी धिप्पाड, दांडगी बाई डोक्यात धरून गेले होते. प्रत्यक्षात काटकुळी, पायात टायरच्या चपला, कानांत जुन्या बुगड्या, आणि मांडीवर काल जन्मलेलं कोकरू. मी वैशालीची सासू हे कळल्यावर तिने आधी वैशालीचं सगळं विचारून घेतलं. वैशाली लहानपणी तिच्या मेंढरांमागे पळायची म्हणे. सुनेने मला हे कधी सांगितलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊसाहेबांना हे गायरान यंदा नांगरायचं होतं. आधी एका बाजूने तारेचं कुंपण आलं, मग दुसऱ्या बाजूने. कोणी काही बोललं नाही. आता पावसाआधी नांगरट आणि मग सोयाबीन. पण जमीन मुरमाड, खताशिवाय काही यायचं नाही. म्हणून त्यांनी कौसाबाईला निरोप धाडला की मेंढरं तिथे बसव. उन्हाळ्यात कळप रात्री शेतात कोंडतात, लेंडी आणि मूत जमिनीत जिरतं, खताची सोय होते, त्या बदल्यात धनगराला ज्वारी. ही जुनी रीत. म्हणजे जी जमीन तिच्याकडून काढून घ्यायची, ती तिच्याच मेंढरांनी खतवून द्यायची. नाही म्हणशील तर माझ्या हौदावर पाणी पाजायचं नाही.

मी म्हटलं, मग तू दुसरीकडे का जात नाहीस? तिने मला समजावलं, शांतपणे. पाऊस पडला की सगळी शेतं पेरली जातात. दिवाळीपर्यंत मेंढीला पाय ठेवायला जागा फक्त गायरान. गायरान गेलं तर आषाढातच कळप बाजारात न्यावा लागेल. तिच्या सासऱ्याचा कळप तो, तिथपासून चालत आलेला.

तिला सिकंदर कोण ते माहीत नव्हतं. विचारलं म्हणून मी सांगितलं, थीब्ज, राजवाडा, विकलेली माणसं, सगळं. ती कोकराच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "दुसऱ्याचं घेत हिंडला म्हना की. मंग ह्यायनी मला त्याचं नाव काहून देलं?"

उभ्या आयुष्यात कोणत्याही विद्यार्थ्याने मला इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. मला फक्त राग आला, आणि तो त्या दिवसापासून आहे.

पाण्यासाठी तिने हो म्हटलं होतं आणि त्याच संध्याकाळी मेंढरं बसवायची होती. ऊन कलल्यावर गावातली पाच-पंचवीस माणसं जमली, कारण कळप बसवण्याची सुरुवात बघायला इथे माणसं जमतातच. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, पसरून ठेवलेली. भाऊसाहेब पांढऱ्या गाडीतून उतरले. पांढरा सदरा, कानाला फोन. कौसाबाई जाळीचा खुटा आणि ठोकायचा दगड घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खुटा त्यांच्यापुढे धरला. ते फोनवर बोलतच राहिले. ती तशीच उभी. मला वाटलं, मालकाला नमस्कार करायची काहीतरी पद्धत असेल.

शेवटी भाऊसाहेबांनी फोन बाजूला केला. "माझ्याकडं काय बघून राहिली? ठोक तूच."

"मीच ठोकू व्हय?" ती जरा मोठ्याने म्हणाली. "मानसं हायत समोर."

"ठोक म्हणलं ना."

तिने खाली बसून खुटा ठोकला. मुरमात खुटा जाताना प्रत्येक घाव वेगळा ऐकू येत होता, इतकी शांतता होती. दत्तरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. कोणीतरी खोकलं. भाऊसाहेब परत फोनवर लागले होते आणि गाडीकडे निघालेही होते.

घरी जाताना दत्तरावांनी आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं, आणि मग सांगितलं. इकडची रीत अशी की ज्याच्या रानात कळप बसायचा, त्या मालकाने पहिला खुटा स्वतःच्या हाताने ठोकायचा. जमीन माझी, मी तुला बसायला देतो, असा त्याचा अर्थ. जिथे मालक नाही तिथे, म्हणजे गायरानात, धनगराने ठोकायचा. आणि ज्याने ठोकला त्यानेच उपटायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. जाळी रोज सरकते, पहिला खुटा शेवटपर्यंत जागेवर. भाऊसाहेबांच्या वडिलांनी हयातभर स्वतः वाकून खुटे ठोकले होते. लेकाला वाकायचा कंटाळा आला आणि त्याने भर गावासमोर स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं की हे गायरान आहे.

"त्यायच्या ध्यानात आलं का?" मी इकडच्याच बोलीत विचारून बसले.

"सकाळपस्तोर कोनीतरी सांगंल," दत्तराव म्हणाले. माझ्या माहितीतलं ते त्यांचं सर्वांत धाडसी वाक्य.

जवळा बाजार

मधले दिवस दत्तरावांनी मला फिरवलं. बहुतेक मी गायरानावर जाऊन काही बोलेन या भीतीने. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं. त्या देवळाच्या दगडांवरून हात फिरवताना मी जरा शांत झाले होते. तिथून जवळा बाजारला, दत्तरावांच्या बहिणीकडे. आठवडी बाजाराचा दिवस होता. कांदे, दोरखंड, मिरच्यांचे ढीग, बियाण्यांच्या पिशव्या, आणि एका बाजूला शेळ्या-मेंढ्या. एका माणसाने दाढीवाला बोकड धरला होता. मी नाव विचारलं नव्हतं तरी त्याने सांगितलं: सिकंदर.

मी त्या बोकडाकडे बराच वेळ पाहिलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तिथे मेंढरांचा एक व्यापारी भेटला, पान खाऊन लालभडक तोंडाचा, बोलका. दत्तरावांचं गाव ऐकल्याबरोबर त्याने कौसाबाईची चौकशी केली. मला वाटलं नात्यातला असेल. तसं नव्हतं. जिथे जिथे गायरानाला तार लागते तिथला कळप त्याच पावसाळ्यात बाजारात येतो, हे त्याला पाठ होतं. कौसाबाईच्या मेंढ्या निरोगी असतात, तेव्हा जून लागला की आपल्यालाच निरोप द्या, असं त्याने दत्तरावांना हात धरून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला चहा पाजला.

मला वाटतं, भाषेचा हाच हलकटपणा आहे. ज्याने जग पायाखाली घातलं त्याचं नाव आपण रिक्षाला देतो, बोकडाला देतो, हुशार पोराला लाडाने देतो. चिडवायला म्हणून द्यायचं झालं तर ते एका विधवेला देतो, जिच्या मेंढीने दोन वाफे खाल्ले. आणि जो अख्खं गायरान खातो त्याला साहेब म्हणतो. हे मी परतीच्या वाटेवर मोठ्याने बोलले. दत्तराव खिडकीबाहेर बघत म्हणाले की आमची शेताची वाट भाऊसाहेबांच्या बांधावरून जाते, ईनबाई. मला त्यांचाही राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

बियासचा काठ

सिकंदर कुठे थांबला हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बियास नदीच्या काठावर. त्याला कोणा राजाने अडवलं नाही. त्याच्याच सैन्याने पुढे जायला नकार दिला. ते सैनिक काही संत नव्हते, तोवर त्यांनी सगळं केलंच होतं. पण दमले होते आणि त्यांना आपापली घरं आठवत होती. सिकंदर रुसून तंबूत जाऊन बसला. सैन्य बधलं नाही तेव्हा त्याने देवाला कौल लावला, कौल प्रतिकूल आला असं जाहीर केलं, आणि परत फिरला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत शिकवण्यासारखा धडा आहे आणि परीक्षेला त्यावर कधी प्रश्न येत नाही.

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर लावलेला ट्रॅक्टर गायरानावर आला. मागून भाऊसाहेबांची गाडी. मी गयाबाईंना सांगून सरळ निघाले, त्या माझ्यामागे, दत्तराव त्यांच्यामागे. गाव आधीच जमलेलं होतं.

भाऊसाहेबांना तोवर कोणीतरी सांगितलेलं असावं, कारण आज कानाला फोन नव्हता. ते म्हणाले की खत झालं, कळप उचल. कौसाबाई म्हणाली की उचलते, पावसाळा सरला की. गायरानात ज्याचा खुटा त्याचा मुक्काम, आणि खुटा तुमीच मला ठोकायला लावला, गाव साक्षीला आहे. आवाज चढवला नाही तिने. कोकरू तेव्हाही काखेत होतं, आता चांगलं धडपडत होतं.

भाऊसाहेबांनी ट्रॅक्टरवाल्याला खूण केली की खुटा काढ आणि नांगर धर. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. उतरला, लिंबाखाली गेला आणि कोणाच्या तरी कळशीतलं पाणी प्यायला लागला. मग त्यांनी आपल्या सालगड्याकडे पाहिलं. किसन त्याचं नाव, खांदे भरलेला माणूस, भाऊसाहेबांच्या शेतावर पिढीजात राबणारा. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "मालक, दुसऱ्याचा खुटा आमी न्हाई उपटत. आमच्या घरीबी शेळ्या हायत."

मग कोणीच हललं नाही. ज्या हातांनी त्यांच्यासाठी तार ओढली होती, तेच हात आता कमरेवर होते.

भाऊसाहेब स्वतः पुढे आले. मला वाटलं, आता वाकतो हा माणूस आणि उपटतो. उपटला असता तर कोणी काय करणार होतं? मीही काय करणार होते? पण वाकायला लागलं असतं, कौसाबाईच्या पायाशी, सगळ्यांच्या देखत. त्यांनी वाकण्याऐवजी खुट्याला लाथ मारली. मुरमात रुतलेला खुटा जागचा हलला नाही, कोल्हापुरी चपलेचा अंगठा मात्र तुटला. एक बाई हसली आणि तिने लगेच पदर तोंडात धरला. भाऊसाहेब तुटकी चप्पल फरफटत गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली.

काच बराच वेळ वर होती. ऊन तापलं, माणसं लिंबाच्या सावलीत सरकली, कोणी घरी गेलं नाही. मग काच खाली झाली आणि भाऊसाहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की यंदा पाऊस उशिरा आहे असा अंदाज आहे, त्यामुळे नांगरट पुढच्या साली बघू. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. व्हय, पाऊस उशिराच हाय यंदा, असं दोघं-तिघं म्हणालेसुद्धा. मी तोंडावर हात ठेवला. नाहीतर कौल, कौल, असं ओरडले असते.

हौद

इथे थांबले असते तर मी आनंदाने परतले असते आणि हे सगळं वेगळ्या सुरात लिहिलं असतं. पण सिकंदराच्या परतीच्या वाटेचं मी विसरले होते. बियासवरून मागे फिरल्यावर वाटेत मालवांचा मुलूख लागला. तिथे त्याने जी कत्तल केली ती पुढे जातानाच्या लढायांपेक्षा भयंकर. अडवलं एकाने आणि किंमत दुसऱ्याने मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौद कोरडा होता. तळाचं बूच काढून पाणी रस्त्यावर सोडून दिलं होतं आणि बोअरच्या पेटीला कुलूप. रस्त्यात चिखल झाला होता आणि तो आमच्या डोळ्यांदेखत वाळत होता. मे महिन्यात, हिंगोली जिल्ह्यात, एक हौदभर पाणी रस्त्यावर. कौसाबाईचा कळप हौदाभोवती उभा होता. मेंढ्या सिमेंट चाटत होत्या. ती काठीवर हनुवटी टेकून उभी होती आणि पहिल्यांदाच मला ती म्हातारी वाटली. खुटा जिंकला होता आणि पाण्यावाचून कळप चार दिवसांत बाजाराला लागणार होता. जवळा बाजारचा तो माणूस मला आठवला.

गावात विहिरी होत्या. कौसाबाई कळप घेऊन गल्लीत आली, दारं मात्र बंद होती. काल माना हलवणारे आज घराबाहेर दिसत नव्हते.

दत्तरावांच्या घरामागे एक जुनी विहीर आहे, तळाला गुडघाभर पाणी, घरापुरतं. गयाबाई भाकरी थापत होत्या. मी येऊन सगळं सांगितलं, बहुतेक ओरडूनच सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपलीत टाकली. मग हात धुऊन उठल्या आणि दारात जाऊन हाक मारली, "कौसे, घेऊन ये हिकडं. दमानं आन, मेंढरं लेकरायला तुडवतील."

दत्तराव म्हणाले, "अवं, आपली वाट."

"वाट हाय," गयाबाई म्हणाल्या. "लांबून जाऊ."

एवढंच. पुढे बोलणं नाही. त्या आणि कौसाबाई रहाटाला लागल्या. मी बादल्या उचलून मोठ्या घंगाळात ओतत होते. गुडघे बरे आहेत म्हणून आले होते, ते तिथे कामी आले. मेंढ्या एकेक करून, ढकलाढकल करत प्यायल्या. कोकराने घंगाळात पाय घातला. पाणी तळाला गेलं की आम्ही थांबायचो, झऱ्याने जरा भरलं की पुन्हा ओढायचो. दत्तराव ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहिले.

दुपारी सगळे आडवे झालो. कळप घरामागच्या सावलीत बसला होता आणि कौसाबाई तिथेच, भिंतीला टेकून. छकुलीला मेंढ्या बघायच्या होत्या, ती काही केल्या झोपेना. सकाळी ती कौसाबाईच्या कडेवर बसली होती आणि तिच्या बुगडीशी खेळली होती, त्यामुळे आता नेहमीचं नाव चालणार नव्हतं. गयाबाई थोपटत होत्या. थोपटता थोपटता क्षणभर थांबल्या, आणि मग नेहमीच्याच सुरात, आवाज जरासुद्धा न दाबता म्हणाल्या:

"गुमान निज. न्हाई तर भाऊसाहेब येतील."

पोरीने डोळे मिटले. दत्तराव उठून बसले. त्यांनी दाराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बायकोला गप्प करतील. ते उठले, पायात चपला घातल्या, आणि विहिरीत परत किती पाणी आलंय ते बघायला गेले.